गिऱ्हाईक आत, विक्रेती बाहेर : मॉलमधल्या तीन दिवसांच्या दुकानाचा हिशेब

माझ्या कपाटात चार पानी करारपत्राची एक झेरॉक्स आहे. इंग्रजीत आहे. शेवटच्या पानावर खाली उजव्या कोपऱ्यात सही आहे, आणि ती सही माझी आहे. गेल्या दिवाळीआधी आमच्या धानोऱ्याच्या नऊ बायकांच्या बचत गटाने एका मोठ्या शहरातल्या मॉलमध्ये तीन दिवसांचं दुकान लावलं, त्याचा हा करार. त्या तीन दिवसांत आमचं काय झालं आणि मी काय शिकले, ते लिहायचं बरेच महिने टाळत होते. लिहिलं तर स्वतःची चूकही लिहावी लागते, म्हणून टाळत होते. पण गेल्या महिन्यात शेजारच्या तालुक्यातल्या एका कार्यकर्त्याचा फोन आला, "ताई, आम्हीपण मॉलमध्ये स्टॉल लावतोय, कसं करायचं?" तेव्हा ठरवलं की लिहायचंच.

आधी आमच्या गावाविषयी. नंदुरबार म्हटलं की मिरची. हंगामात शहराबाहेरच्या पथाऱ्यांवर लाल मिरची वाळत पडलेली असते, रस्त्याने जाणाऱ्याच्या डोळ्यात पाणी येतं. त्या पथाऱ्यांवर देठ खुडायला जाणाऱ्या बायका आमच्याच. कुणी बौद्ध, कुणी भिल्ल. दिवसभर देठ खुडून हाताची आग होते, रात्री बाळाला जवळ घेताना हाताला कापड गुंडाळावं लागतं. मिरची शेतकऱ्याची, पथारी व्यापाऱ्याची, भाव बाजाराचा. बाईच्या वाट्याला फक्त हाताची आग. म्हणून गटाने ठरवलं की थोडी मिरची आपण विकत घ्यायची, आपणच कांडायची, आपणच पाकिटात भरून आपल्या नावाने विकायची. सोबतीला धडगाव भागातून आणलेला आमचूर होता आणि भगर होती. माल चांगला होता, याबद्दल मला आजही शंका नाही.

विकायचं कुठे? आठवडे बाजारात मिरची सगळेच विकतात, तिथे पाकिटाला भाव नाही. गटातल्या एका ताईचा मुलगा शहरात मॉलमध्ये सुरक्षारक्षक आहे. तो म्हणाला, आमच्याकडे मधल्या मोकळ्या जागेत दिवाळीत छोटी दुकानं लागतात, मी साहेबांना विचारतो. साहेब हो म्हणाले. तीन दिवसांचं भाडं बारा हजार, डिपॉझिट दहा हजार. नऊ जणींनी पैसे जमवले. मी समाजशास्त्रात एम.ए. केलेली, दहा वर्षं संस्थांमध्ये काम केलेली, चार पानी इंग्रजी कागद माझ्याकडेच आला. मी वरवर चाळला, तारखा आणि पैसे तपासले, सही केली. तीच माझी चूक.

मॉलमधली मधली जागा, जिला तिथे 'कॉमन एरिया' म्हणतात, ती कशी चालते ते आपल्यापैकी फार थोड्यांना माहीत असतं. आपल्याला ती चौकासारखी वाटते. पण ती चौक नाही. तिथे चौरस फुटाचा हिशेब असतो. मोठ्या दुकानांनी वर्षांचे करार केलेले असतात, त्यांच्या काचा दिसल्या पाहिजेत म्हणून मधल्या टपरीची उंची ठरलेली असते. आत जे विकलं जातं तेच मध्ये विकायचं नाही. टपरीच्या रेषेबाहेर येऊन गिऱ्हाईकाला हाक मारायची नाही. बोर्ड आधी दाखवून मंजूर करून घ्यायचा. माल आणायचा तो मॉल उघडण्याआधी, तोही मागच्या लिफ्टने. वीज किती वापरायची ते ठरलेलं. शेवटी एक कलम असतं की व्यवस्थापनाला योग्य वाटेल तेव्हा जागा बदलता येईल किंवा करार संपवता येईल, कारण सांगण्याची गरज नाही. आमच्या कागदात हे सगळं होतं. मी वाचलं नव्हतं.

पहिला दिवस बरा गेला. आम्हाला सरकत्या जिन्याजवळची जागा मिळाली होती. लोक थांबायचे, मिरचीचा वास घ्यायचे, फोटो काढायचे, काही जण घ्यायचे. दुपारी बायका दमल्या आणि टेबलामागे खाली बसल्या. बाजारात बाई बसूनच विकते, उभं राहून विकायची सवयच नाही. एकीने डबा उघडला. अर्ध्या तासात एक तरुण अधिकारी आला. बोलायला सभ्य होता. म्हणाला, "मॅडम, खाली बसायचं नाही. आणि यांना काही युनिफॉर्म नाही का? एप्रन वगैरे? लूकचा प्रश्न आहे." मी संध्याकाळी बाजारात जाऊन नऊ एप्रन घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी आमचं टेबल जिन्याजवळ नव्हतं. तळघरात, गाड्या लावायच्या जागेकडे जाणाऱ्या लिफ्टशेजारी ठेवलं होतं. मी भांडायला वर गेले. विचारलं, कोणत्या नियमाने हलवलं? त्या अधिकाऱ्याने शांतपणे करार उघडला, कलमावर बोट ठेवलं आणि मग माझ्या सहीवर ठेवलं. मला बोलायला जागाच उरली नाही. खाली आले तेव्हा गटातली सगळ्यांत वयस्कर मावशी मला म्हणाली, "बोल ना ताई, आमनी मिरची खोटी शे का?" आमची मिरची खोटी आहे का? तिला वाटत होतं की मालात काहीतरी दोष निघाला. तिला काय उत्तर द्यायचं ते मला त्या दिवशी सुचलं नाही. हा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर देण्याचा प्रयत्न आहे.

हिशेब सांगते. तीन दिवसांत विक्री झाली 14,350 रुपयांची. भाडं बारा हजार. डिपॉझिटमधून चार हजार कापले, कारण लिहिलं होतं 'वास व साफसफाई'. जाणं-येणं, राहणं, पाकिटं, एप्रन मिळून पाच हजार. म्हणजे मालाचा खर्च धरायच्या आधीच 6,650 रुपये अंगावर. एक गोष्ट मात्र विसरता येत नाही. तळघरात आमची बरीचशी विक्री मॉलच्याच माणसांना झाली. झाडू-पोछा करणाऱ्या बायका, सुरक्षारक्षक, गाड्या लावणारी पोरं. जेवणाच्या सुट्टीत येऊन पाव-पाव किलो तिखट घेऊन गेली. त्यातल्या अनेकांनी नाव विचारून, गाव विचारून शेवटी हळूच 'जयभीम' म्हटलं. मॉल ज्यांच्या हातांनी स्वच्छ राहतो तेच आमचे गिऱ्हाईक होते.

आता मुद्द्यावर येते. आमची जात कुणी विचारली का? नाही. कुणी अपशब्द बोललं का? नाही. अधिकारी शेवटपर्यंत मला 'मॅडम'च म्हणत होता. म्हणून 'आम्हाला जातीमुळे हाकललं' असं मी लिहिणार नाही, कारण ते मला सिद्ध करता येणार नाही, आणि सिद्ध करता न येणारं बोलायची आपली परंपरा नाही. पण मग नेमकं काय झालं? एम.ए.ला पिअर बोर्द्यू शिकले होते. माणसाचं बोलणं, बसणं, कपडे घालणं हेही एक भांडवल असतं आणि ते पिढ्यांनी साठतं, असं तो सांगतो. परीक्षेत त्यावर चांगले गुण मिळाले होते. त्याचा अर्थ त्या तळघरात कळला. 'लूक' या दोन अक्षरांत शाळा, शहर, भाषा, रंग, कपडा आणि बसण्याची सवय हे सगळं येतं. ज्या देशात या सगळ्या गोष्टी जातीप्रमाणे वाटल्या गेल्या, तिथे 'लूक'ची चाळणी लावली की जात विचारायची गरज राहत नाही.

बाबासाहेबांना हा अनुभव आपल्या आधी शंभर वर्षांपूर्वी आला होता. कोलंबिया आणि लंडनमध्ये शिकून ते मुंबईत परतले, बडोद्याची नोकरी अपमान होऊन सुटली, तेव्हा त्यांनी शेअर बाजारातल्या लोकांना सल्ला देणारी एक छोटी कंपनी काढली होती. सल्ला चांगला होता, कामही येऊ लागलं होतं. सल्लागार अस्पृश्य आहे हे गिऱ्हाइकांना कळलं आणि धंदा बसला. अर्थशास्त्राचा एवढा मोठा विद्वान, त्याचं दुकान बंद पडलं ते मालाच्या दोषाने नाही. मावशीच्या प्रश्नाचं पहिलं उत्तर हेच आहे. मिरची खोटी नाही. बाजारात माल एकटा विकला जात नसतो, विकणाऱ्याचा चेहराही त्याच्याबरोबर तराजूत पडतो.

पुढे संविधान लिहिताना बाबासाहेबांनी या प्रश्नाला कुठे हात घातला ते पाहा. अनुच्छेद 15 च्या दुसऱ्या खंडाने दुकानं, उपाहारगृहं, करमणुकीच्या जागा यांत प्रवेश करताना धर्म, वंश, जात, लिंग, जन्मस्थान यांवरून कुणाला अडवता येणार नाही असं सांगितलं. 29 नोव्हेंबर 1948 ला संविधान सभेत या कलमावर चर्चा झाली तेव्हा 'दुकान' म्हणजे काय, असा प्रश्न निघाला. बाबासाहेबांनी तो शब्द अगदी रुंद अर्थाने घ्यायला सांगितला. जो कुणी येणाऱ्या कोणालाही आपली सेवा द्यायला बसला आहे, त्याची जागा म्हणजे दुकान. धोबी आला, न्हावी आला. 2011 साली इंडियन मेडिकल असोसिएशनच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने याच चर्चेचा आधार घेऊन 'दुकान' शब्दाचा अर्थ खासगी शिक्षणसंस्थांपर्यंत नेला. म्हणजे आज मॉलच्या दारात आपल्याला जात विचारून कुणी अडवू शकत नाही, तो हक्क बाबासाहेबांनी लिहून ठेवला आहे.

पण नीट वाचा. हा हक्क गिऱ्हाईकाचा आहे. आत जाऊन विकत घेण्याचा आहे. आत जाऊन विकण्याचा हक्क अनुच्छेद 19(1)(छ) मध्ये, व्यवसाय-व्यापाराच्या स्वातंत्र्यात आहे. 1989 साली सोदान सिंग खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की रस्त्यावर विक्री करणं हाही या स्वातंत्र्याचा भाग आहे, अर्थात वाजवी निर्बंधांसह. मात्र ते स्वातंत्र्य प्रामुख्याने सरकारविरुद्ध वापरता येतं. मॉलचा मालक सरकार नाही. म्हणून आज चित्र असं आहे की आमची मावशी शंभर रुपये घेऊन मॉलमध्ये गेली तर ती नागरिक आहे, संविधान तिच्या पाठीशी आहे. तीच मावशी शंभर रुपयांची मिरची घेऊन गेली तर ती कराराच्या मेहरबानीवर आहे. गिऱ्हाईक म्हणून दार उघडलं, विक्रेती म्हणून अजून उघडायचं आहे.

यातली विसंगती आणखी एका ठिकाणी दिसते. 2014 साली पथ विक्रेत्यांसाठी कायदा झाला. त्यात शहराने पथ विक्रेत्यांचं सर्वेक्षण करायचं, प्रमाणपत्र द्यायचं, नगर पथ विक्रेता समिती नेमायची असं आहे. त्या समितीत किमान 40 टक्के जागा विक्रेत्यांच्या, त्यातल्या एक तृतीयांश बायकांच्या, आणि अनुसूचित जाती, जमाती, इतर मागासवर्ग, अल्पसंख्याक व अपंग यांना योग्य प्रतिनिधित्व. प्रमाणपत्र असलेल्या विक्रेत्याला हलवायचं तर 30 दिवसांची नोटीस. माल जप्त केला तर नाशवंत माल त्याच दिवशी आणि बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत मागता येतो. या कायद्याची अंमलबजावणी किती रखडली आहे ते वेगळं सांगायला नको. पण कागदावर तरी फूटपाथवरच्या बाईला 30 दिवस मिळतात. मॉलमधल्या टपरीचा करार असतो तो परवान्याचा, म्हणजे 'लायसन्स'चा. 1882 च्या सुविधाधिकार कायद्यातला हा प्रकार आहे. त्यात जागेत तुमचा कोणताही हक्क निर्माण होत नाही, तुम्हाला फक्त तिथे असायची परवानगी मिळते, आणि देणारा ती सहसा काढून घेऊ शकतो. आम्ही बारा हजार रुपये मोजून फूटपाथपेक्षा कमी हक्क विकत घेतला होता.

गंमत म्हणजे याच 2014 च्या कायद्यात पथ विक्रेत्याची व्याख्या करताना सार्वजनिक जागेबरोबर 'खासगी क्षेत्र' हे शब्दही आले आहेत. ते शब्द मॉलच्या आत किती लांब जातात याचा निकाल वकिलांनी आणि न्यायालयांनी लावायचा आहे. माझं म्हणणं एवढंच आहे की आपल्या तरुण वकिलांनी ते शब्द वाचावेत. खासगी की सार्वजनिक, हा वाद आपल्याला नवा नाही. चवदार तळ्याचा खटला तोच होता. 1923 साली मुंबई कायदेमंडळात बोल्यांचा ठराव झाला, 1924 साली महाड नगरपालिकेने तळं खुलं केल्याचा ठराव केला, 20 मार्च 1927 ला आपल्या माणसांनी पाणी घेतलं. त्यानंतर विरोधकांनी काय केलं? ते न्यायालयात गेले आणि म्हणाले की हे तळं खासगी आहे. डिसेंबर 1927 मध्ये तात्पुरता मनाई हुकूम मिळाला. बाबासाहेबांनी मनुस्मृती जाळली, पण हुकूम मोडून तळ्यावर जाणं थांबवलं आणि खटला लढवला. 17 मार्च 1937 ला उच्च न्यायालयात जिंकले. दहा वर्षं. एका तळ्याच्या कागदासाठी. आपण 20 मार्चला महाडला जातो, ती दहा वर्षं मात्र आपल्याला फारशी आठवत नाहीत.

आता काही मित्र म्हणतील की मॉल भांडवलदारांचे आहेत, तिकडे जायचंच कशाला? आपला आठवडे बाजार काय वाईट आहे? हा प्रश्न मला पडला होता म्हणून सांगते. आठवडे बाजाराचं कौतुक करणाऱ्यांनी बाजारात बसलेल्या बाईशेजारी एक दिवस बसावं. तिथे करार नसतो, पण नियम असतात. मोक्याची जागा कुणाची, झाडू-टोपल्या विकणाऱ्यांनी कुठल्या टोकाला बसायचं, कोण कुणाच्या हातचं खायचं घेत नाही, हे सगळ्यांना ठाऊक असतं आणि कुठेच लिहिलेलं नसतं. पावती फाडणारा येतो, पैसे घेतो, कधी पावती देतो कधी देत नाही. बाईला लघवीला जायला जागा नसते. 4 नोव्हेंबर 1948 च्या भाषणात बाबासाहेबांनी खेड्याविषयी जे कठोर शब्द वापरले ते उगाच नव्हते. आपली माणसं शहरात गेली ती हौसेने नाही, न लिहिलेल्या नियमांपासून सुटायला गेली.

म्हणून मी इथे एक उलटी गोष्ट म्हणणार आहे. मला मॉलचा तो चार पानी कागद गावच्या रूढीपेक्षा बरा वाटतो. तो वाईट आहे, पण तो लिहिलेला आहे. लिहिलेल्या नियमाशी भांडता येतं. त्यातलं सातवं कलम चुकीचं आहे असं म्हणता येतं, ते खोडून दुसरं लिहा असं म्हणता येतं. रूढीचं सातवं कलम कुठे शोधणार? आपला समाज लिहिलेल्या शब्दाच्या जोरावर उभा राहिला. मग लिहिलेला कागद समोर आल्यावर आपण तो न वाचता सही का करतो? हा प्रश्न मी सगळ्यांत आधी स्वतःला विचारते.

परत आल्यावर आम्ही वस्तीतल्या समाजमंदिरात दोन संध्याकाळी बसलो. मी एकेक कलम मराठीत सांगितलं आणि बायकांनी त्यावर मत दिलं. मला वाटलं होतं त्या सगळ्याच नियमांवर चिडतील. तसं झालं नाही. आम्हाला तिथे ठेचा-भाकरी करून द्यायची होती, छोटा गॅस नेणार होतो, तो नाकारला होता. मावशीच म्हणाली, बरोबर केलं, एवढ्या माणसांत आग लागली तर? तिचं म्हणणं खरं आहे. मार्च 2021 मध्ये भांडुपच्या मॉलला आग लागली आणि त्याच इमारतीतल्या रुग्णालयातले रुग्ण दगावले. जिना, बाहेर पडायची वाट, अग्निशमनाची नळी यांसमोर टपरी नको, हा नियम माणसं वाचवण्यासाठी आहे. तो पाळायचा, आणि मोठ्या ब्रँडची टपरी वाटेत असेल तर तिलाही पाळायला लावायचा. अन्नपदार्थाची नोंदणी हवी हेही बरोबर. उलाढाल लहान असेल तर साधी नोंदणी थोड्या शुल्कात होते. पाकिटावर वजन, किंमत, तारीख, पत्ता हवा, काटा तपासलेला हवा, हेही बरोबर, कारण उद्या आपणही कुणाचं तरी पाकीट विकत घेणार आहोत.

दुसरा ढीग वेगळा झाला. जीएसटी क्रमांक सक्तीचा कशाला? राज्यातल्या राज्यात फक्त वस्तू विकणाऱ्याला वर्षाला 40 लाखांच्या उलाढालीपर्यंत कायदाच साधारणपणे नोंदणी मागत नाही, मग मॉल का मागतो? (आम्हाला त्यासाठी दुसऱ्या संस्थेचं नाव वापरावं लागलं होतं.) दोन वर्षांचा ताळेबंद मागायचा तर नवीन गटाने सुरुवात कुठून करायची? 'नीटनेटकं दिसणं' म्हणजे काय, हे कोण ठरवणार? बसायला स्टूल का नाही? कारण न सांगता हलवायचं तर भाडं पूर्ण का घ्यायचं? आणि करार मराठीत का नाही? दुकानाची पाटी मराठीत हवी म्हणून 2022 साली महाराष्ट्राने कायदा दुरुस्त केला. पाटी बाहेरून जाणारा वाचतो. कराराखाली मात्र आमच्या बायकांची रोजी असते. पाटी मराठीत आणि करार इंग्रजीत, यात मराठीचा मान कुठे राहिला?

असं लिहिता येतं, हे दाखवणारं एक उदाहरण आपल्या डोळ्यांसमोर आहे. 2022 पासून रेल्वे स्थानकांवर 'एक स्थानक एक उत्पादन' नावाची योजना आहे. स्थानकाच्या मोकळ्या जागेत स्थानिक कारागीर, विणकर, बचत गट यांना थोड्या दिवसांसाठी नाममात्र शुल्कात टपरी मिळते आणि ती आळीपाळीने फिरते. त्यात अडचणी असतील. पण बघा, जागा तीच, तात्पुरतं दुकानही तेच, फक्त नियम लिहिताना 'कोण आत यावं' हा प्रश्न वेगळ्या टोकाकडून विचारला. 2012 च्या केंद्राच्या खरेदी धोरणातही सरकारी खात्यांनी आणि कंपन्यांनी करायच्या खरेदीपैकी 4 टक्के अनुसूचित जाती-जमातींच्या लघुउद्योगांकडून, असा हिस्सा ठेवला आहे. मग जो मॉल सरकारी किंवा पालिकेच्या भाडेपट्ट्याच्या जागेवर उभा आहे, ज्याला बांधकामात सवलत मिळाली आहे, त्याच्या मधल्या जागेतल्या टपऱ्यांत असा हिस्सा का नसावा? 2025 मध्ये राज्य सरकारने दहा जिल्ह्यांत बचत गटांसाठी 'उमेद मॉल' उभारायला मंजुरी दिली. चांगलं आहे. पण त्या मॉलमधली जागा कुणाला, किती दिवस, कोणत्या अटीवर, हे कोण लिहिणार? तो कागद लिहिला जाण्याआधी आपण तिथे पोहोचलो तर उपयोग, नंतर मोर्चा काढून नाही.

हीच गोष्ट आपल्या गावच्या बाजारालाही लागू आहे. आपल्या जिल्ह्याचा मोठा भाग अनुसूचित क्षेत्रात येतो. 1996 च्या पेसा कायद्याने गावच्या बाजाराचं व्यवस्थापन ग्रामसभेकडे आणि पंचायतीकडे दिलं आहे, महाराष्ट्राने 2014 साली त्याचे नियमही केले. म्हणजे काही ठिकाणी नियम लिहायची लेखणी आपल्याच हातात आहे. मग ग्रामसभेत बसून लिहूया की जागा चिठ्ठी टाकून मिळेल, पावती छापील असेल, बायकांसाठी स्वच्छतागृह असेल, टोकाला कायम तीच माणसं बसणार नाहीत. हे लिहिताना आपलीही परीक्षा आहे. मांग-गारुडी, पारधी, भटके विक्रेते यांना आपण कुठे बसवणार? 6 डिसेंबरला शिवाजी पार्कवर आणि धम्मचक्र प्रवर्तनदिनी दीक्षाभूमीवर पुस्तकांचे, कॅलेंडरांचे, मूर्तींचे स्टॉल लागतात, तो आपला सगळ्यांत मोठा तात्पुरता बाजार. तिथेही जागा कुणाला मिळते, नवख्याला मिळते का, एकट्या बाईला मिळते का, हे प्रश्न आपण स्वतःला विचारले पाहिजेत. मालकाला विचारायचे प्रश्न आपण मालक झाल्यावर विसरलो तर फक्त खुर्ची बदलली असं होईल.

तरुण मित्रांनो, शेवटी एक विनंती. आपल्या वस्तीतला कुणीही कुठलाही करार करत असेल, मॉलचा, दुकानाचा, खोलीचा, नोकरीचा, तर सही होण्याआधी एक संध्याकाळ विहारात किंवा समाजमंदिरात त्याचं जाहीर वाचन करा. प्रत्येक कलमाला दोन प्रश्न विचारा. हा नियम कुणाचा जीव किंवा पैसा वाचवतो का? वाचवत असेल तर पाळा. नसेल, तर हा नियम कुणाला बाहेर ठेवतो? उत्तर लिहून काढा, बदल सुचवा, पत्र द्या, पोच घ्या. दर वेळी यश येणार नाही. पण कागद वाचणारी माणसं समोर आहेत हे कळलं की कागद लिहिणारा सावध होतो.

गटाने नुकसान भरून काढायला सहा महिने घेतले. नऊपैकी एक बाई सोडून गेली, तिच्या नवऱ्याने पुन्हा पैसे लावू दिले नाहीत. त्याची जबाबदारी माझ्यावर आहे आणि ती मी नाकारत नाही. बाकीच्या आठ जणींनी यंदा पुन्हा एका शहरातल्या व्यापारी संकुलाकडे अर्ज केला आहे. करार आला, तो मागच्या आठवड्यात आम्ही समाजमंदिरात वाचला. अकरा कलमांवर हरकत घेतली आणि मराठीत पत्र पाठवलं. त्यांनी तीन मान्य केली. बसायला स्टूल मिळणार, जागा हलवली तर त्या दिवसाचं भाडं परत मिळणार, आणि कराराची मराठी प्रत मिळणार. आठ कलमं अजून बाकी आहेत.

पत्रावर या वेळी माझी सही नाही. मावशीची आहे. वेळ लागला, पण तिने पूर्ण नाव लिहिलं.

जयभीम.